जुने गोवे : एका ओसरलेल्या नगरीची यात्रा

लखनौच्या आमच्या घरात देवघराशेजारी शांतादुर्गेची एक जुनी तसबीर आहे. माझे आजोबा नोकरीच्या निमित्ताने सावंतवाडीहून इकडे आले, तेव्हा त्यांनी ती बरोबर आणली होती. त्या गोष्टीला आता तीन पिढ्या झाल्या. तसबिरीचा रंग उडाला, चौकट दोनदा बदलली; पण नवरात्रात पहिले फूल तिलाच वाहिले जाते. देवीचे मूळ ठाणे गोव्यात कवळे येथे आहे, एवढे आम्हा सर्वांना ठाऊक होते. प्रत्यक्ष दर्शन मात्र घरातील कोणालाच घडले नव्हते.

गेल्या वर्षी कचेरीतून रजा प्रवास सवलत पदरात पडली आणि तिची मुदत संपण्यापूर्वी गोव्याला जाऊन येण्याचा बेत मी केला. कवळ्याबरोबर जुने गोवेही पाहावे, तेथील ख्रिस्ती मंदिरे आणि संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी पाहावी, असा माझा मानस होता. महाविद्यालयात असताना इतिहास हा माझा विषय होता आणि त्या नगरीविषयीचे कुतूहल तेव्हापासून मनात घर करून बसले होते. आईला हे सांगताच ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "ज्यांच्यामुळे देवीला आपले घर सोडावे लागले, त्यांची देवळे बघायला एवढ्या लांब जायचे? जा बाबा. पण आधी कवळ्याला जा, मग तिकडे."

आईची अट मी पाळली. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते. ते मिळाले की नाही हे वाचकांनीच ठरवावे. मी केवळ पाहिले ते सांगतो.

पुष्पक एक्सप्रेसने मुंबई आणि तेथून कोकण रेल्वेने गोवा असा आमचा प्रवास झाला. पत्नी आणि दहा वर्षांची कन्या बरोबर होती. ठरल्याप्रमाणे पहिला दिवस कवळ्याचा. देवीचे मूळ स्थान केळोशीला होते. पोर्तुगीज अमलात सन १५४० च्या सुमारास तिसवाडी बेटावरील आणि १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली, तेव्हा भाविकांनी अनेक दैवते रातोरात नदीपलीकडे नेली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. हा फोंड्याचा मुलूख त्या वेळी पोर्तुगीजांचा नव्हता, तो विजापूरच्या आदिलशहाचा होता. आमची कुलदेवता एका मुसलमान राजाच्या छायेत सुरक्षित राहिली, ही गोष्ट लखनौकराला तरी विशेष वाटू नये. आमच्या शहरात अलीगंजच्या हनुमान मंदिराच्या कळसावर चंद्रकोर आहे.

कवळ्याचे आजचे देऊळ शाहू महाराजांच्या काळात, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या प्रयत्नाने सन १७३८ च्या सुमारास उभे राहिले. समोर दीपमाळ, बाजूला तळी. पण वर पाहावे तो घुमट, आणि भिंतींना कमानदार खिडक्या. कन्येने विचारले, "बाबा, हे मंदिर चर्चसारखे का दिसते?" प्रश्न रास्त होता. ज्यांच्या भयाने देव पळाले त्यांच्याच घुमटाची आणि खिडकीची धाटणी देवाच्या नव्या घराने उचलली होती. कारागिराचा हात वैर जाणत नाही, हे माझ्या लक्षात प्रथम तेथे आले. दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्यात त्याची दुसरी बाजू पाहावयास मिळाली.

जुने गोवे हे मांडवीच्या दक्षिण काठावर, पणजीपासून सुमारे नऊ-दहा किलोमीटरवर आहे. नगर म्हणून मनात जे चित्र असते, ते येथे पहिल्या दृष्टिक्षेपातच पुसले जाते. रुंद रस्ते, हिरवळ, माड, आणि त्यांमध्ये दूर दूर उभी असलेली प्रचंड मंदिरे. घरे नाहीत, बाजार नाही, गल्ल्या नाहीत. आमच्या लखनौत नवाब गेले. तरी बडा इमामबाडा आजही चौकाच्या गजबजाटात उभा आहे, आणि १७८४ च्या दुष्काळात ज्यांच्या पोटाला तो बांधण्याच्या कामाने आधार दिला त्यांचेच वंशज त्याच्या आसपास राहत असतील. येथे उलट आहे. येथे देवालये उरली आणि माणसे उठून गेली.

सन १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्क याने आदिलशहाकडून हे शहर एकदा घेतले, काही महिन्यांत गमावले आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकले. तो दिवस संत कॅथरीनचा. म्हणून ज्या वेशीतून तो आत शिरला त्या ठिकाणी तिच्या नावाने एक लहान प्रार्थनामंदिर बांधण्यात आले. आज दिसते ती इमारत नंतरची आहे, आणि भिंतीतील शिलालेख सांगतो की ती १५५० मध्ये गव्हर्नर जोर्जे काब्राल याने वाढवून बांधविली. सबंध जुन्या गोव्यात मला सर्वांत साधी आणि सर्वांत बोलकी वाटली ती हीच वास्तू. तिच्यात अलंकार नाही; फक्त आम्ही येथून आत आलो, एवढेच ती म्हणते.

पुढच्या शंभर वर्षांत या नगरीची जी भरभराट झाली तिची कल्पना करणे आज कठीण आहे. वस्ती दोन लाखांपर्यंत गेली होती असे सांगतात. गोवे पाहिले त्याने लिस्बन नाही पाहिले तरी चालेल, अशी म्हणच पोर्तुगीजांत पडली होती. आखातातील घोडे येथे उतरत आणि विजयनगरास जात. १५६५ मध्ये तालीकोटच्या रणात विजयनगर बुडाले आणि हे गिऱ्हाईक गेले. पुढे डच लोकांनी समुद्र अडवला. त्यातच साथीचे रोग वारंवार येऊ लागले. दाट वस्ती, दूषित विहिरी आणि हिवताप यांपुढे तटबंदीचा काय उपाय? लोक हळूहळू निघून गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी हीच रीतसर राजधानी झाली. त्यापूर्वी १८३५ मध्ये सरकारने सर्व धर्मसंघांचे मठ बंद केले होते, त्यामुळे उरलेसुरले रहिवासीही गेले. विजेत्याने नगर जिंकले, पण पाणी जिंकता आले नाही, असे म्हणावेसे वाटते.

मुख्य चौकात एका बाजूस से कॅथेड्रल आहे. तेही संत कॅथरीनलाच वाहिलेले. १५६२ मध्ये राजा सेबास्तियन याच्या कारकीर्दीत काम सुरू झाले. मुख्य बांधकाम १६१९ मध्ये आणि आतल्या वेदींचे काम १६५२ मध्ये पुरे झाले. सुमारे अडीचशे फूट लांबीची ही वास्तू एकाच मनोऱ्याची आहे. जोडीचा दुसरा मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. राहिलेल्या मनोऱ्यात जी घंटा आहे तिला तिच्या गोड नादामुळे सोन्याची घंटा म्हणतात.

आम्ही आत गेलो तेव्हा वसईहून आलेली एक यात्रेकरूंची मंडळी दर्शन घेत होती. त्यांतील एक सत्तरीच्या आजीबाई माझ्या शेजारच्या बाकावर टेकल्या. मी पत्नीशी मराठीत बोलतो आहे हे ऐकून त्यांनी विचारले, "कुठले तुम्ही, भाऊ?" लखनौ म्हणताच त्यांना आश्चर्य वाटले. "एवढ्या लांब राहून मराठी बोलता?" मग त्याच म्हणाल्या, "आम्हाला पण लोक विचारतात, ख्रिस्ती असून मराठी बोलता?" आम्ही दोघेही हसलो.

आजीबाईंचे वाचन बरेच असावे. वसईचे गोन्सालो गार्सिया हे जपानात नागासाकी येथे १५९७ मध्ये क्रुसावर चढवले गेले आणि १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. मी घंटेचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "आमच्या वसईच्या घंटा तुमच्या चिमाजी अप्पांनी नेल्या. एक मेणवलीला आहे, एक भीमाशंकरला. मी दोन्ही बघून आले." मी जरा ओशाळलो. १७३९ मधील वसईच्या मोहिमेचा धडा आम्ही शाळेत नव्हे, घरी शिकलो होतो, आणि त्यातील विजयाने आमचे उर भरून येत. त्या घंटा कोणाच्या तरी होत्या, हे मनात आले नव्हते. आजीबाईंच्या स्वरात मात्र तक्रार नव्हती. "वाजतात ना अजून? मग झाले. नुसत्या पडून राहिल्या असत्या तर वाईट," असे म्हणून त्या आपल्या मंडळीत मिसळल्या.

रस्त्यापलीकडे बॉम जेझूसचे मंदिर आहे. १५९४ मध्ये त्याचा पाया घातला गेला आणि १६०५ मध्ये आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी त्याचे पवित्रीकरण केले. इतर मंदिरे चुन्याने पांढरी शुभ्र. हे एकटे तांबूस जांभ्या दगडाचे, उघडे. त्यावरचा गिलावा विसाव्या शतकात काढण्यात आला. दर्शनी भागावरील कोरीव कामाचा काळा दगड वसईकडून आणलेला आहे असे कळले, तेव्हा त्या आजीबाई पुन्हा आठवल्या.

आत उजव्या हाताला संत झेवियर यांची समाधी आहे. नावारच्या एका किल्ल्यात १५०६ मध्ये जन्मलेला हा पुरुष पॅरिसमध्ये इग्नेशियस लोयोलाचा सोबती झाला आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. हातात घंटी घेऊन तो रस्त्यांतून मुलांना गोळा करी आणि धर्माचे धडे देई, असे वर्णन सापडते. गोव्यात तो फार काळ राहिला नाही. दक्षिणेचा मोतीकाठ, मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान असा दहा वर्षे फिरून चीनच्या उंबरठ्यावरील सान्शियन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी तो वारला. वय अवघे सेहेचाळीस. देह प्रथम मलाक्काला आणि मग १५५४ मध्ये गोव्यास आला. १६२२ मध्ये त्याला संतपद मिळाले.

चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडवली. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठवला. फ्लॉरेन्सचा शिल्पी फोज्जिनी त्यावर दहा वर्षे खपला आणि १६९८ मध्ये तो येथे बसवला गेला. खाली इटलीचा दगड आणि वर कोकणची चांदी. कवळ्याच्या घुमटाची जी दुसरी बाजू म्हणालो ती हीच. दर दहा वर्षांनी येथे संताच्या अवशेषांचे सार्वजनिक दर्शन घडवतात. मागचे ५ जानेवारी २०२५ रोजी संपले. आम्ही गेलो ते त्यानंतर, त्यामुळे गर्दी बेताची होती. लोक मान वर करून पेटीकडे पाहत, हात जोडत आणि पुढे सरकत. त्यांत हिंदू बायकाही होत्या. कोणी कुंकू लावलेल्या, कोणी डोक्यावर पदर घेतलेल्या. त्यांना मी काही विचारले नाही. हात जोडणाऱ्याला कारण विचारू नये.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला तेवढ्यावर थांबता येत नाही. रोगग्रस्तांची शुश्रूषा करणाऱ्या याच संताने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय स्थापावे अशी मागणी केली होती. ते न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, त्याच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये आले आणि मधला थोडा खंड सोडल्यास १८१२ पर्यंत चालले. आदिलशहाच्या वाड्यातच त्याने ठाण मांडले होते. गार्सिया द ओर्ता या वैद्याने येथील वनस्पती व औषधे यांवर लिहिलेला अपूर्व ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता असे ठरवून मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. त्या न्यायालयाची इमारत आज नाही. संत कायतानच्या घुमटदार मंदिराशेजारी आदिलशहाच्या वाड्याची एक दगडी चौकट तेवढी उभी आहे, आणि तिच्यावरील नक्षी एखाद्या देवळाच्या द्वाराची असावी तशी आहे. त्या एका चौकटीतून तीन राजवटी आल्या आणि गेल्या.

समाधीपुढे उभे असताना मला दुसरीच एक हकीकत आठवत होती. १६८३ च्या शेवटी संभाजी महाराजांनी गोव्यावर चाल केली. फोंड्याच्या किल्ल्यापुढे व्हाइसरॉयने माघार घेतली, आणि २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुन्या गोव्यालगतचे जुवे बेट घेतले. नगरी हातची जाते असे दिसताच व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द ताव्होरा बॉम जेझूसमध्ये आला, संताची पेटी उघडवली, आणि आपला राजदंड व अधिकारपत्रे त्याच्या पायांशी ठेवून आता राज्य तूच राख, अशी प्रार्थना केली, असे सांगतात. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर त्याने कार्यभार सोपवला! पुढे औरंगजेबाचा पुत्र शाहआलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरत असल्याचे कळले आणि महाराजांना वेढा सोडून परतावे लागले. गोवेकरांनी ते श्रेय संताला दिले. आम्ही ते मोगलांच्या पदरात टाकतो.

मौज अशी की याच ताव्होराने पुढच्याच वर्षी, २७ जून १६८४ रोजी, एक हुकूम काढला. गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा त्याचा आशय होता. मी सरकारी कारकून आहे. हुकूम कसा निघतो आणि निघाल्यावर त्याचे काय होते, हे मला थोडेफार ठाऊक आहे. तीनशे चाळीस वर्षे उलटली. जुन्या गोव्याच्या फेरीबोटीवर मी जी भाषा ऐकली ती कोकणी होती. ताव्होराचा हुकूम दप्तरात राहिला.

आणि त्याच्या अडुसष्ट वर्षे आधी याच भूमीत काय घडले होते? थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. पुढच्याच महिन्यात अकबराच्या निमंत्रणावरून रुदोल्फ आक्वाव्हिव्हा आणि त्याचे सोबती गोव्याहून निघाले ते आमच्या प्रांतात, फत्तेपूर सिक्रीला. आक्वाव्हिव्हा परत आल्यावर १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे, देवळे पाडल्याने संतापलेल्या ग्रामस्थांच्या हातून मारला गेला. नंतर त्या गावच्या प्रमुखांनाही कपटाने बोलावून ठार करण्यात आले. स्टीफन्स त्याच साष्टीत राहिला, तेथील भाषा शिकला आणि त्याने ओवी हाती घेतली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात, पुराणिकाच्या थाटात त्याने बायबलची कथा सांगितली, आणि सांगता सांगता मराठीची थोरवी गायिली. कोणत्याही हुकुमाने ते त्याच्याकडून करवून घेतले नव्हते.

जेथे १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना आला, त्या संत पॉल विद्यालयाची आज एक कमान तेवढी रस्त्याकडेला उभी आहे. कन्या तिच्याभोवती खेळत होती. मी तिला स्टीफन्सची गोष्ट सांगितली, आणि बोलता बोलता हेही सांगितले की नागरी खिळे पाडणे त्या काळी साधले नाही म्हणून ते मराठी पुराण रोमन अक्षरांत छापले गेले. ती चटकन म्हणाली, "म्हणजे मी आजीला मोबाइलवर लिहिते तसे?"

यावर मी निरुत्तर झालो. गेली दोन वर्षे मी तिला याच गोष्टीवरून रागे भरत आलो होतो. लखनौत तिची शाळा इंग्रजी, खेळ हिंदी. मराठी उरली ती स्वयंपाकघरापुरती, आणि आजीला ती जे चार शब्द लिहून पाठवते तेही रोमन अक्षरांत. ताव्होराला जे फर्मान काढून साधले नाही, ते आमच्या घरात कोणीही हुकूम न देता साधत चालले आहे, ही टोचणी मला होती. परंतु जी मुलगी परक्या अक्षरांत का होईना आपल्या आजीशी मराठीत बोलते, तिला धाक घालणारा मी स्टीफन्सच्या बाजूचा होतो की ताव्होराच्या? उत्तर सोपे होते आणि ते मला फारसे रुचले नाही.

दुपार कलताना आम्ही पवित्र टेकडीवर गेलो. तेथे संत ऑगस्टीनच्या मंदिराचा मनोरा उभा आहे. सुमारे ४६ मीटर उंच, जांभ्याचा, एका बाजूने ढासळलेला. १६०२ मध्ये पुरे झालेले हे मंदिर १८३५ नंतर ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भागही पडला. या अवशेषांत भारतीय पुरातत्त्व खात्याने एक विलक्षण शोध लावला. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्म सोडण्यास नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये शिराज येथे तिला हालहाल करून मारले. ऑगस्टीन पंथी साधूंनी तिचे काही अवशेष १६२७ मध्ये येथे आणून एका दगडी पेटीत ठेवले. मंदिर कोसळले, मठ उजाड झाला, पण ती पेटी कोणत्या खिडकीपाशी ठेवली होती याची नोंद जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत शिल्लक होती. त्या नोंदीच्या आधाराने शोध चालला, २००४ मध्ये अस्थी सापडल्या, पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळेत जनुकीय तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला अर्पण केले.

कोण्या अज्ञात लेखनिकाने केलेली एक ओळीची नोंद! तिच्यामुळे एक राणी चारशे वर्षांनी घरी पोचली. आमच्या पेशाविषयी असा अभिमान वाटण्याचे प्रसंग फार थोडे येतात. पण त्याबरोबर आणखी एक विचार मनात आला. धर्म न सोडल्याबद्दल प्राण दिलेल्या राणीच्या अस्थी ज्या नगरीने इतक्या आदराने जपल्या, त्याच नगरीत त्याच काळी दुसऱ्याच्या धर्मासाठी तुरुंग होता. आपल्या हुतात्म्याची वेदना प्रत्येकाला कळते. दुसऱ्याची कळली असती तर केळोशीचे देऊळ पडले नसते, आणि वसईच्या घंटेविषयी मलाही आजीबाईंनी सांगेपर्यंत थांबावे लागले नसते.

संध्याकाळी फेरीबोटीने पलीकडे दिवाडी बेटावर गेलो. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळ तेथले. देऊळ मोडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूस गेले, आणि तेथे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे मंदिर बांधविले. बेटावरून मागे पाहिले तेव्हा मांडवीपलीकडे कॅथेड्रलचा एकुलता मनोरा माडांवर डोकावत होता. थोड्या वेळाने घंटा वाजली. ती सोन्याची होती की दुसरी, सांगता येत नाही. बोटीवरच्या एका कोळिणीने टोपली खाली ठेवून कपाळाला हात लावला; ती ख्रिस्ती होती की हिंदू, तेही सांगता येत नाही.

घरी परतल्यावर आईला कवळ्याचा अंगारा आणि प्रसाद दिला. दोन दिवस तिने जुन्या गोव्याचे नाव काढले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी नातीला जवळ बसवून तिने विचारले, "तिकडे काय काय बघितलेस ते सांग." कन्येने घुमट सांगितला, चांदीची पेटी सांगितली, राणीची गोष्ट सांगितली, वसईच्या आजीबाई सांगितल्या. आई सर्व ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "बाई शहाणी होती म्हणायची. घंटा वाजतात एवढे तिला पुरले."

तसबिरीपुढे आईने दिवा लावला. मी कन्येची वही घेतली आणि तिला विचारले, "आजीला हे सगळे पत्रात लिहून देशील?" ती म्हणाली, "कोणत्या अक्षरांत?" मी म्हटले, "तुला येईल त्या." तिने थोडा विचार केला आणि पहिली ओळ नागरीत लिहिली, दुसरी रोमनमध्ये. दोन्ही मराठीच होत्या.